अर्ध्या अंगाचा घाम

९ जानेवारी
गोठा झाडून झाला होता. दूध चुलीवर होतं, यांच्या दोन भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या होत्या. सहा वर्षांपूर्वीची सकाळ, रोजच्यासारखीच. मी दारात पाय धुवायला बसले, तांब्याभर पाणी ओतलं आणि ते गार की गरम हे कळेना. दुसरा तांब्या ओतला. तरी कळेना. हे म्हणाले, मुंग्या आल्या असतील, बस जरा. आठ दिवसांनी मी पुण्याच्या दवाखान्यात होते. छातीखालचं अंग दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं.
आज थंडीनं आठवलं. थर्मामीटर स. ९५.२. दोन गोधड्या. दु. ९७.

११ जानेवारी
स. ९५. उन्हाला बसून रिपोर्टची फाइल पुन्हा चाळली. मी दुसरी पास. वाचायला शिकले ती लेकीच्या, वर्षाच्या शाळेच्या पुस्तकांवर, ती झोपली की. रिपोर्टही तसाच वाचला, तिची जुनी डिक्शनरी घेऊन, चार महिने. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज येऊन गेली, व्रण राहिला. चालता येतं, काठीनं. पण छातीच्या वर घाम येतो, खाली येत नाही. उन्हात अंग तापायला लागलं की तापतच जातं, थंडीत गार पडायला लागलं की पडतच जातं.
हे एका वाक्यात समजले होते. म्हणाले, "पाट मधीच फुटलाय. वरच्या खाचराला पानी हाय, खालच्याला न्हाई."
शेतात माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. तोंड लाल झालंय, बस सावलीला. मला स्वतःला तापल्याचं उशिरा कळतं, तोवर पाय गेलेले असतात. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. आता थर्मामीटर कमरेच्या पिशवीत.

१८ जानेवारी
काल लिहिता आलं नाही. काल पहाटे गोधडी खाली पडली असावी. सकाळी शेवंता दूध न्यायला आली तर मी काहीतरी बरळत होते म्हणे. शेवंता माझी धाकटी जाऊ, मधे फक्त एक भिंत. तिनं ९३.८ बघितलं आणि घाबरली. चूल पेटवली, वीट तापवली, जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या पायांशी ठेवली. म्हणाली, "कडक शेक बसू द्या बाई, तवाच ऊब मुरंल."
मी वीट बघितली. तोवर बोलायची शुद्ध आली होती मला.
दुपारी तिनं लुगडं काढलं, त्याबरोबर डाव्या टाचेची कातडी आली.

१९ जानेवारी
पौडच्या दवाखान्यात ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले, इतकं भाजेपर्यंत पाय काढला कसा नाही. शेवंता शेजारीच उभी होती. मी म्हणाले, झोप लागली.

२१ जानेवारी
वर्षा आली. लेक शहाणी, पण बोलायला लागली की थांबत नाही. शेवंताला अंगणातच गाठलं.
"काकी, आईच्या पायांना गरम कळत नाही. सहा वर्षं शेजारी राहतेस, एवढंही माहीत नाही तुला?"
"मला कुनी सांगितलं न्हाई, वर्षा."
"घरातल्या माणसाला सांगायला लागतं होय?"
शेवंतानं माझ्याकडे बघितलं. मी बाजेवर होते, दार उघडं होतं. मी बोलले नाही.
संध्याकाळी दूध न्यायला आली नाही.

२२ जानेवारी
खरं लिहून ठेवते. कुणाला सांगितलं नाही कारण मीच यांना सांगू दिलं नाही. वर्षाला वाटतं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुखण्यातून घरी आले त्याच महिन्यात तपासणीवाल्या बाया घरोघर फिरत होत्या. त्यांच्या हातात चित्रं. अंगावर कुठं बधिर चट्टा आहे का, सुई टोचलेली कळते का. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला तसला चट्टा निघाला, तर त्याच्या घरचं पाणी लोक प्यायचे थांबले. मी वाचलेली बाई. महारोगाला औषध आहे, बरा होतो, हे मला ठाऊक होतं. माझं दुखणं तो नाही, हेही ठाऊक होतं. तरी म्हणाले, कळतं सगळं, पायात फक्त जोर नाही.
सहा वर्षं तेच म्हणत आले.

३ फेब्रुवारी
टाच भरत नाही. स. ९५.६.
शेवंता विहिरीवर भेटली. कळशी भरली, गेली. गावात बोलतात, जावेनं जाळलं. एक जण म्हणाली, भावकीच्या वाटणीचं असंल काहीतरी. मी म्हणाले, तसं काही नाही. मग कसं, ते सांगितलं नाही.

२ मार्च
वर्षाचा फोन. उन्हाळ्याआधी पुण्याला ये, घरात एसी आहे. बोलण्यात चूक काहीच नाही. थंडीत ९३, उन्हात १०३, आणि बघणारं कुणी नाही.
मी म्हणाले, यंदाचं भात होऊ दे.
म्हणाली, "भात मी विकत आणून देते ना, आई."
तिला कसं सांगू. खाचर यांच्या हातचं आहे. बांध यांनी घातले. ते पडीक ठेवलं तर मी पुण्यात बसून काय बघणार, खिडकी?
शेवटी ठरलं, पेरणीपर्यंत इथं. मग बघू. "बघू" मी म्हणाले, ती नाही.

२४ मार्च
स. ९७.४, दु. १००.६. नऊनंतर बाहेर नाही. मानेवर ओला पंचा, लुगडंही ओलं करून नेसते. गळा घामानं भिजतो, कमरेखाली कोरडं ठणठणीत.
विहिरीवरच्या बाया हसतात. बायजा म्हणाली, घाम तर कुटं दिसत न्हाई, सावलीतली पाटलीन झालीस व्हय गं. मीही हसले.

१२ एप्रिल
राबाची तयारी. दरसाल दोन्ही घरांचा राब एकत्र. शेणाचा थर, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत, वरून माती. हे सगळं भाजलं की त्या राखेत भाताचं बी पेरायचं. हे होते तेव्हा आधी शेवंताचा राब व्हायचा, मग आमचा, जेवण एका ताटात.
यंदा वेगळा. सकाळी उठून बघते तर माझ्या तुकड्यावर डहाळ्यांचे सात भारे पडलेले. भाऊजींनी टाकले असणार, शेवंताच्या नवऱ्यानं. हाक मारली नाही, थांबले नाहीत. दोन भारे तिनं बांधलेले होते. तिची गाठ मी ओळखते.

२० एप्रिल
थर रचते आहे. रोज तासभर. दु. १०१.२. दोन दिवस पडून.
टाच आता बरी, पण कातडी लाल, चकचकीत. रोज आरशात बघायची, जखम झाली तरी मला कळणार नाही.

८ मे
काल राब भाजला. 
सहाला गेले. वारा खालून होता, म्हणून वरच्या अंगाला काडी लावली, खालून लावला नि वाऱ्यावर चढत गेला तर राब भुरकन जळतो, माती भाजत नाही. हे तसंच करायचे. चांगला धुमसत उतरला. हातात डहाळी, ठिणगी बांधाकडे गेली की झोडपायची. मला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, तीच खोड आहे या दुखण्याची. यांचं मनात येत होतं. नीट भाजलाय म्हणाले असते का, असलं काहीतरी.
मग बांधावर बसले आणि उठता येईना. डोळ्यांपुढं सगळं पांढरं. पिशवीतून थर्मामीटर काढला, आकडे वाचता येईनात.
शेवंता तिच्या तुकड्यावर होती. धावत आली. काही विचारलं नाही. काखेत हात घालून आंब्याखाली ओढलं, कळशी माझ्या डोक्यावर रिकामी केली, दुसरी आणली, तीही. पदरानं वारा घालत बसली. १०३.६ होता, तिनंच वाचला.
जरा बोलता आलं तेव्हा म्हणाले, "शेवंते, पायाला कळत न्हाई हे मीच लपवलं. तुझी चूक न्हाई."
वारा घालायची थांबली.
"का?"
बधिर चट्ट्याचं सांगितलं.
मग म्हणाली, "माझी धाकटी पोरगी चार महिने इचारतीया, आये, तू काकूला भाजलंस का. मी काय सांगायचं तिला?"
मी तोंडावरचा ओला पदर पिळला.
"वर्षाला सांगितलंत का?"
"न्हाई."
"मंग मला सांगून काय उपेग, बाई."
उठली. माझा राब विझेपर्यंत तिनं राखला, मग गेली.

११ मे
स. ९८. अशक्तपणा.
वर्षाला फोन केला, राबाचं सांगितलं नाही. वीट बघूनही गप्प बसले तेही नाही. फोनवर नको, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं. विटेचं सांगितलं की माझी इथं राहायची बाजूच पडते. जी बाई स्वतःच्या पायाबद्दल खोटं बोलते, तिला एकटं कोण ठेवेल. आणि नाही सांगितलं तर शेवंता भाजणारी बाई म्हणून मरेपर्यंत या गावात राहणार.
दोन्ही मीच करून ठेवलंय.

१९ मे
नांगरट भाऊजींनी करून दिली. राख मातीत मिसळली. मी दारातून बघितलं. हे मागून चालायचे, एक एक ढेकूळ फोडत.
यांची आठवण आता रडवत नाही. रोजचं काम असल्यासारखी येते, करून जाते.

२९ मे
परवा वर्षा गाडी घेऊन आली. पिशव्या तिनंच भरल्या. फाइल, गोळ्या, थर्मामीटर दोन. शेजारून शेवंताला बोलावून आणलं मी. ती उंबऱ्याबाहेरच थांबली, आत येईना.
तिच्यासमोर वर्षाला सगळं सांगितलं. पाय, चट्टा, वीट बघूनही गप्प राहिले ते. आणि राबात पडले तेही, शेवंतानं उचललं तेही.
वर्षा हातातली साडी घडी करत होती. घडी पूर्ण केली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही.
"मग तर तुला इथे ठेवूच शकत नाही, आई. थर्मामीटर खोटं बोलत नाही, तू बोलतेस."
शेवंता बाहेरून म्हणाली, "मी हाय ना हितं."
"काकी, तू राबात होतीस म्हणून. नसतीस तर?"
थोड्या वेळानं वर्षा उंबऱ्याशी गेली, म्हणाली, काकी, मी तुला फार बोलले. शेवंता म्हणाली, बोललीस. माफ केलं असं म्हणाली नाही. आत येऊन चहा मात्र तिनंच टाकला, तिघींचा. वर्षा म्हणाली, उद्या नऊला निघू, ऊन व्हायच्या आत. मी बियाण्याची पिशवी दाराशी काढून ठेवली.
दुसऱ्या दिवशी उजाडताच मी राबात गेले, इंद्रायणी भाताचं बी पेरलं, वरून माती ओढली, आठच्या आत घरी आले आणि नऊला वर्षाच्या गाडीत बसले.