पितळी बिल्ला क्रमांक एकोणीस

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवी वही. आधीच्या ऑफिसात साहेब घड्याळ लावून आमचा संडासातला वेळ मोजायचा, त्यामुळे आज मी ताकही फुंकून प्यायच्या तयारीनेच गेले होते. पण इथलं प्रकरण वेगळं आहे. जुन्या तांब्याच्या खाणीची कचेरी डागडुजी करून बेव्हन ट्रेगियाने तिथे ऑफिस थाटलंय. आम्ही एकोणीस जण. विम्याचे पैसे नाकारले गेलेल्या लोकांच्या शिव्या दिवसभर फोनवर ऐकायच्या आणि गोड बोलायचं.

बेव्हन म्हणाला, ऑफिसला चांगलं वळण आपोआप लागत नाही, मुद्दाम लावावं लागतं, आणि तो चार वर्षं तेच करतोय. दहाचा चहा सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. पाठीमागे कुणाबद्दल बोलायचं नाही. आणि बिल्ला. पूर्वी खाणकामगार खाली उतरताना आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचे, वर आले की काढून घ्यायचे. तो फळा अजून भिंतीवर आहे. आपण सकाळी मनात डाचणारी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहायची, बिल्ल्याबरोबर टांगायची आणि संध्याकाळी घरी न्यायची. मी लिहिलं, ‘गाडीचा क्लच’. सगळे हसले. माझा नंबर एकोणीस.

घरी सांगितलं तर माझ्या लेकीला, टॅम्सिनलाही बिल्ला हवा. सात वर्षांची आहे, तिला सगळंच हवं असतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज क्रेगला चिठ्ठीवर टांगलं. घटस्फोटाला तीन वर्षं झाली तरी त्याचा आवाज ऐकला की माझं डोकं सणकतं. संध्याकाळी चिठ्ठी काढायला गेले तर ग्लेनिसने अडवलं. ती इथली सगळ्यात जुनी, जिभेला हाड नाही. म्हणाली, बाई गं, कचरा कुणी घरी नेतं का? इथे कुणीच नेत नाही म्हणे. मग मीही नाही नेली.

जेवताना क्रेगचा फोन आला, ईस्टरला लेकीला नेणार नाही म्हणाला. मी बरं म्हटलं आणि बटाटे वाढून घेतले. काही म्हणजे काही वाटलं नाही. इतकी वर्षं उगाच कपाळाला बाम चोळला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ग्लेनिसचा नवरा रॉन मंगळवारी गेला. बत्तीस वर्षांचा संसार. बुधवारी ती कामावर हजर. आज तिने केक आणला आणि एकोणीस सारखे तुकडे कापले. तिच्या बिल्ल्याखाली चिठ्ठी होती, ‘रॉन’. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे काळजीने बघून म्हणाली, “अगं, तुझं कोण गेलं?”

बेव्हन म्हणाला, याला म्हणतात वळण. मला कौतुक वाटलं. घरी येताना जरा कसंसंही झालं. ते सोमवारी टांगेन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

टॅम्सिनचा दमा पुन्हा उसळलाय. मी सकाळपासून शाळेत चार फोन केले. बेव्हनने रागावून नाही, मायेनेच विचारलं की हे आज टांगलं नाहीस का. लिहिलं, ‘टॅमच्या दम्याची धास्ती’. दिवस छान गेला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

उकाडा होता म्हणून टॅम्सिनला घेऊन समुद्राच्या धक्क्यावर गेले. तिला पोहता पोहता धाप लागली, ओठ निळे पडले. मी मटण-बटाट्याची पेस्टी खात होते. ती संपवली. दम्याचा पंप माझ्याच पिशवीत होता. तो कुण्या परक्या बाईने धावत येऊन काढला आणि ती मला नको नको ते बोलली. बरोबरच बोलली.

माझं काळीज चरकलं नाही. चरकायला हवं होतं एवढं कळतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दम्याची चिठ्ठी परत मागितली. बेव्हनने लगेच फळा दाखवला, घे म्हणाला, कुणी अडवलंय? चिठ्ठी कोरी होती. ग्लेनिसची कोरी. सगळ्यांच्या कोऱ्या.

माझे आजोबा याच खाणीत होते. ते सांगायचे, कामाची पाळी सुटली आणि एक जरी बिल्ला टांगलेला दिसला तर कुणी घरी जात नसे. माणूस खाली राहिलाय म्हणून दोघं पुन्हा उतरत. बेव्हन शहरातला. त्याने फळा घेतला, हा अर्धा रिवाज त्याला कुणी सांगितलाच नव्हता. मी सांगितल्यावर त्याने तो वहीत टिपून घेतला आणि छान आहे म्हणाला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

फळ्याखाली जमिनीत लाकडी झाकण आहे. खाणीचं जुनं तोंड. दहाच्या चहाला त्याखालून आवाज आला. एक बाई रडत होती — रॉन, रॉन — ग्लेनिसचा आवाज. ग्लेनिस माझ्या शेजारी बिस्किट बुडवत होती.

मग दुसरी बाई. पंप कुठाय, टॅमचा पंप कुठाय —

माझाच आवाज.

सगळ्यांनी ऐकलं. कुणी कप खाली ठेवला नाही. मीही नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बेव्हनला सांगितलं, उद्या झाकण उचलून खाली उतरणार. ते माझं आहे, मला हवंय. तो चिडला नाही. म्हणाला, हे तुला फार डाचतंय, आधी लिहून टांग, मग शांतपणे ठरवू.

लिहिलं.

काय ठरवायचं होतं ते आता वहीत वर वाचून कळलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी चिठ्ठीवर काय लिहावं सुचेना. उरलं होतं तेवढं लिहिलं. एकच शब्द — टॅम्सिन.

दहाचा चहा. शाळेतून फोन. एका मुलीला श्वास घेता येत नाहीये, पंप संपलाय, ताबडतोब या. मी नाव विचारलं, वय विचारलं, सगळं नीट उतरवून घेतलं. आमच्याकडे प्रत्येक फोन उतरवून घेतात. आपलं म्हणणं पुढे कळवते म्हटलं.

पुन्हा फोन. तीच बाई, आता रडतेय. हे लिहिता लिहिता ऐकतेय. बेव्हनने अंगठा दाखवला, आवाज छान शांत आहे म्हणे.

झाकणाखालून कुणीतरी बाई ओरडतेय — जा गं, ऊठ, जा — लाकडावर मुठी आपटतेय —

ग्लेनिस म्हणते, चहा निवतोय.

फोन बंद झाला. मी कप उचलला.