पंचवीस नंबरचा दात

१२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५
आजपासून रोजनिशी. माझ्या आयुष्यात काहीतरी घडायला लागलं आहे, त्याची नीट नोंद राहायला हवी.
पार्श्वभूमी थोडक्यात. मी दातांच्या दवाखान्यातला टेक्निशियन. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांचे दात कोरतात, मागच्या खोलीत मी त्यांच्या कवळ्या आणि कॅपा बनवतो. अठरा वर्षं झाली. पेशंट मला दिसतो तो प्लास्टरच्या साच्यात. बाकीचा माणूस सहसा दिसत नाही.
काल दिसला. एका कॅपचा रंग जुळेना म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला शेड बघायला पुढे बोलावलं. खुर्चीत एक बाई. दातांची शेड ए-टू. मी शेडची पट्टी तिच्या दाताशी धरली आणि ती हसली.
तोंड आधीच उघडं होतं, त्यामुळे ते हसू होतं की जबडा अवघडला होता यावर तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतात. मी तज्ज्ञ आहे. हसूच होतं.

१३ फेब्रुवारी
तिचं नाव इथे लिहायचं नाही. सभ्यता आहे काही. ए-टू म्हणायचं.
नाव केसपेपरवर होतं. पत्ताही होता, तो आपोआप पाठ झाला. नाव फोनवर टाकलं तर पेजच सापडलं. ए-टू मोठ्या बायकांना सायकल शिकवते. शाळेच्या मैदानावर, सकाळी साडेसहा ते आठ. पोटापाण्याचा उद्योग तोच. व्हिडिओ टाकते. एकूण ३१२. सगळे पाहिले असं नाही. २९६ पाहिले.
‘हितचिंतक’ नावानं खातं उघडलं. स्वतःचं नाव देऊन मोठेपणा कशाला मिरवायचा?
संकल्प: दिवसाला एकच कमेंट. मोजकी, सुसंस्कृत.

१६ फेब्रुवारी
संकल्पात किरकोळ दुरुस्ती. दिवसाला एक नाही, व्हिडिओला एक. काल चाळीस झाल्या.
शिवाय एक खासगी मेसेज. ‘आज थकलेल्या दिसलात. झोपत जा.’ तिचं उत्तर आलं: ‘कोण आपण?’
जिज्ञासू आहे. मी ‘ओळखा पाहू’ लिहिलं. थोडी गंमत हवी.

२२ फेब्रुवारी
हितचिंतक ब्लॉक झाला. चुकून. अंगठा लागला असणार, आजकालचे फोन फार नाजूक.
‘हितचिंतक २’ उघडला आणि तिला कळवलं की तुमच्याकडून चुकून असं झालंय, मनावर घेऊ नका, मीही घेतलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
अंगठा पुन्हा लागला.
‘शुभचिंतक’ उघडला.

२७ फेब्रुवारी
ताईला सायकलच्या वर्गाला घातलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं कारकुनी करून गेल्या वर्षी निवृत्त झाली. घरात आम्ही दोघंच. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तेव्हापासून माझं सगळं ताईनंच केलं. ती आधी म्हणाली की या वयात हाडं मोडून घ्यायची हौस नाही. मी म्हटलं, गुडघ्यांना चांगलं असतं. तिच्या गुडघ्यांची मला खरोखरच काळजी आहे. वर्गातल्या घडामोडी कानावर येतील हा निव्वळ योगायोग.

५ मार्च
ताई दोनदा पडली. कोपर सोललं. बेहद्द खूश आहे. जेवताना तासभर मैदानाचंच पुराण. वर्गात एकूण अकराजणी. ‘आमच्या बाई’ (म्हणजे ए-टू) सीट धरून मागे पळतात आणि न सांगता हात सोडतात. आज ताई दहा पावलं एकटीच गेली आणि वळून पाहते तर बाई लांब उभ्या राहून टाळ्या वाजवतायत. सांगताना ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं. याचं श्रेय कोणाला, हे मी बोलून दाखवलं नाही.
जेवण झाल्यावर लगेच शुभचिंतकतर्फे मेसेज: ‘आज तुमच्या टाळ्यांनी कुणाच्यातरी डोळ्यांत पाणी आलं. मला सगळं कळतं.’

१४ मार्च
ए-टूनं घरातल्या कुंडीचा फोटो टाकला. मागे खिडकी, खिडकीला हिरवे पडदे. मी कळवलं की रस्त्यावरून पाहताना हे पडदे जरा जुनाट वाटतात, तिसऱ्या मजल्याला फिका रंग खुलेल.
त्या रस्त्यावरून मी जातो ते जवळचा म्हणून. दवाखान्याहून घरी यायला फक्त पंचवीस मिनिटं जास्त लागतात.

१६ मार्च
पडदे बदलले! चक्क. माझ्या रुचीला इतका मान आजवर कोणी दिला नव्हता. फक्त आता फार जाड लावलेत, आतलं काही दिसत नाही. पुढच्या वेळी कापडाबद्दलही लिहायला हवं.

१९ मार्च
संतापजनक बातमी. ताई सांगत होती की आमच्या बाईंच्या मागे कुणीतरी मेला हात धुऊन लागलाय. नाव बदलून बदलून मेसेज करतो. बाईंचं चित्त थाऱ्यावर नसतं, शिकवता शिकवता मान वळवून मागे बघतात.
माझं रक्त उकळलं. किती विकृत लोक असतात एकेक. मी ताईला शब्द दिला की त्याला शोधून काढीन. ती म्हणाली की सापडला तर आधी तिच्यासमोर आणायचा, कानाला धरून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावणार आहे. मी म्हटलं, दहा कमी होतात.
तपास सुरू. तिच्या पेजवर एक निवृत्त पोस्टमास्तर दर व्हिडिओखाली ‘छान’ लिहितो. फक्त ‘छान’. अतिशय संशयास्पद. हितचिंतक ३ तर्फे त्याला कडक समज दिली. शुभचिंतकानं लगेच पाठिंबा दिला. एकूण जनमत त्याच्या विरोधात आहे.

२३ मार्च
पोस्टमास्तर पेज सोडून गेला. म्हणजे दोषीच असणार. ए-टू आता निर्धास्त. ही सुवार्ता तिला तीन खात्यांवरून (एक खास नवं उघडून) कळवली.
तिन्ही ब्लॉक. कमाल आहे. माणसानं उपकार करावेत तरी किती जणांतर्फे?

२४ मार्च
जेवताना ताईनं सांगितलं की वर्गाची जागा बदलली. आता जुन्या कापडगिरणीमागचं पटांगण, आणि कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. मी म्हटलं, अगदी बरोबर, सावधगिरी हवीच.
नवं खातं: ‘एक सायकलप्रेमी भगिनी’. फुलाचा फोटो. बायकांचं बायकांशी पटतं. पहिला मेसेज: ‘बाई, गिरणीमागची माती भुसभुशीत आहे हो, जपून.’
आपुलकी शब्दाशब्दांतून ओथंबत होती. भाषेवर माझं प्रभुत्व आहे हे डॉक्टरीणबाईही मान्य करतात. म्हणजे करतील, वाचलं तर.

३० मार्च
ए-टूचे व्हिडिओ बंद. आठवड्यात एकच फोटो, तोही नुसत्या चाकाचा. तिच्या कामात आता कलात्मक टप्पा आलेला दिसतो. भगिनीतर्फे चाकाचं सविस्तर रसग्रहण पाठवलं. सहा भागांत.
ताई हल्ली दुपारी ए-टूकडे जाते. काय काम असतं म्हणून विचारलं तर म्हणाली, थोडं लिखाण आहे. घरात मात्र गप्प. अकराजणींतल्या पाच गळाल्या, घरचे पाठवायला तयार नाहीत. वर्ग एप्रिलअखेरीला बंद करायचं चाललंय.
मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, माझा तपास चालू आहे.

३ एप्रिल
ताई ए-टूला घेऊन चौकीत गेली होती. तिथल्या माणसानं सांगितलं की धमकी नाही, शिवी नाही, चार दिवस फोन बघू नका, आपोआप थांबेल. ताई घरी येऊन भांडी आपटत होती. म्हणाली की यांना कुणी तरी मरायला लागतं.
मला तो सल्ला व्यवहारी वाटला. मग लक्षात आलं की ए-टूनं तो ऐकला तर माझे मेसेज वाचणार कोण? चौकीवाल्यांना लोकांच्या भावनांची काही पडलेली नसते.

५ एप्रिल
निग्रह. आठ दिवस एकही मेसेज नाही. तिलाही जरा उणीव भासू दे.

५ एप्रिल, सकाळी ११:४०
निग्रह यशस्वी. पुन्हा केव्हातरी करता येईल.

९ एप्रिल
सुखद धक्का. पेजवर फोटो. गिरणीमागचं पटांगण, ताई सायकलवर, पाय दोन्ही पेडलवर, आणि शेजारी ए-टू तोंड भरून हसते आहे. ताईनंच आग्रह केला म्हणे, की एवढं तरी टाकाच, त्याच्या नाकावर टिच्चून.
फोटो मोठा करून पाहिला. आणखी मोठा केला. आणि ऊर भरून आला. वरच्या डाव्या बाजूचा पाचवा दात. माझी कॅप! शेजारच्या दातांत अशी मिसळून गेली आहे की देवालाही ओळखू येऊ नये. अठरा वर्षांत माझ्या कामाला कोणी ‘छान’ म्हटलेलं नाही, तो पोस्टमास्तरसुद्धा नाही. राहवलं नाही. भगिनीतर्फे लिहिलं: ‘पंचवीस नंबर काय सुरेख बसलाय! अस्सल आणि नकली ओळखू येत नाही. कारागिराच्या हातांना सलाम.’
समाधान वाटलं. कलेची कदर व्हायलाच हवी, मग ती कोणी का करेना.

१० एप्रिल
आज ताईनं पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल विचारलं. जेवता जेवता, सहज. पंचवीस नंबरचा दात म्हणजे रे कुठला?
मी घास बाजूला ठेवला. तोंड उघडून बोटानं दाखवला. मग सगळं रीतसर समजावलं. जबड्याचे चार भाग, वरचा डावा दुसरा, त्यात मधून मोजत पाचवा, म्हणून दोनावर पाच. बाहेरचं कोणी असं मोजत नाही, ही आमच्या धंद्यातली भाषा. ताईनं पुन्हा विचारलं की बाहेरचं कोणीच नाही? मी अभिमानानं म्हटलं, कोणीच नाही.
ताईनं हातातली भाकरी परत ताटात ठेवली. मग ताट तसंच उचलून आत गेली. भारावली असावी. उद्या तिला साचा कसा ओततात तेही सांगावं म्हणतो.

१२ एप्रिल, दुपारी ४:२०
फोन चौकीत जमा करून घेतलाय. ताई घरी नाही. तिच्या कपाटाची दोन्ही दारं उघडी आहेत आणि आत हँगर तेवढे आहेत.
सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खोलीत बोलावलं. शेड बघायची असेल म्हणून पट्टी घेऊनच गेलो. खुर्ची रिकामी. शेजारी एक पोलीस अधिकारीबाई. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की तो दात नकली आहे हे तीनच माणसांना माहीत आहे, आणि त्यातल्या दोघींनी ते लिहिलेलं नाही. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणाल्या. मी पट्टी टेबलावर ठेवली.
चौकीत पोचेपर्यंत मी मनातल्या मनात बचाव तयार केला. धमकी एकही नाही. भाषा सतत सुसंस्कृत. हेतू शुद्ध. अधिकारीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक जाडजूड रजिस्टर पुढे सरकवलं. म्हणाल्या, वाचा, आणि तुमचं असेल त्या प्रत्येक पानावर सही करा.
उघडलं. अक्षर ताईचं. मी शाळेत गैरहजर राहिलो की ज्या अक्षरात बाईंना चिठ्ठी जायची, ते.
ए-टूला मेसेज उघडायचा धीर होत नव्हता. म्हणून दुपारी जाऊन ताई वाचायची आणि उतरवून ठेवायची. तारीख, वेळ, खात्याचं नाव, मजकूर, शेरा. ऑफिसातली सवय. मी लिहिलेलं जवळपास अक्षर न् अक्षर ताईनं वाचलं होतं, आणि कोण लिहितो ते माहीत नसताना पुन्हा स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.
शेऱ्याचा रकाना मी आधी वाचला नाही. मग वाचला.
‘हा घरासमोरून जातो. भीतीनं पडदे बदलले. खिडकीला आतून पुठ्ठा लावलाय, दिवसा दिवा लावून बसतात.’
‘चाकाचाच फोटो टाकतात, स्वतःचा चेहरा नको म्हणतात. पाच दिवसांत धड जेवलेल्या नाहीत.’
चाकाच्या रसग्रहणाचा पहिला भाग पूर्ण उतरवलेला. पुढे: ‘वाचवत नाही. किळस येते. बाकीचे भाग उतरवलेले नाहीत.’
मी ते सहा भाग दोनदा सुधारून लिहिले होते. लाज वाटली. सुधारून लिहिल्याची आधी, आणि मग बाकी सगळ्याची. बचावातलं एकही वाक्य आठवेना.
एकेक पान सही करत चोवीस मार्चवर आलो. ताईचा शेरा: ‘नवी जागा फक्त आम्हा अकराजणींना माहीत होती. त्याच दिवशी त्याला कळली. आमच्यातलीच कुणीतरी त्याला सांगते. कोण, ते मी शोधून काढीन.’
त्याच्या खाली वेगळ्या शाईत, परवाची तारीख घालून, एक ओळ होती. ‘मी सांगते. रोज, जेवताना.’
अधिकारीबाईंनी विचारलं की हे बरोबर आहे का. मी हो म्हणालो आणि सही केली.