ओल्या थरातली कवटी

प्रिय ताई,

तुझं पुस्तक पोचलं. दोन दिवस त्याला शिवलो नाही. राग नव्हता, जळत होतो. ही माझी खोड तुला कधी कळू दिली नाही, इतकंच.

बाबा शरीररचना शिकवायचे, त्यामुळे आपल्याकडे जेवतानाही हाडांच्याच गप्पा. माणूस ताठ उभा का राहिला? मी म्हणायचो, जंगलं वाळली, गवत माजलं, पोटासाठी उभं राहणं भाग पडलं. तू म्हणायचीस, "अरे, कोण टिकणार ते हवा ठरवेल. पण ताठ उभं राहायला कवटीचा तळ वाकावा लागतो, आणि तो वाकतो गर्भात, आतून. तिथे कुठलं आलंय गवत?" बाबा खूश व्हायचे, मला म्हणायचे, "दे की उत्तर हिला." मला उत्तर सुचायचं दुसऱ्या दिवशी, शाळेच्या वाटेवर. एका घरात, एकाच हातचं खाऊन वाढलो, तरी तू अशी आणि मी असा! बाहेरचं सगळं सारखं, फरक आतूनच आलेला; निदान हा पुरावा तरी तुझ्या बाजूचा होता.

पुढे तुला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आणि मी संग्रहालयाच्या तळघरात कवट्या मोजत बसलो. येणारा प्रत्येक संशोधक विचारायचा, "तुम्ही त्यांचे भाऊ ना?" मी हसून हो म्हणायचो. आत तिळपापड.

आठ वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एका लहान मुलाची कवटी आली, दगड झालेली. थर तळ्याकाठचा, ओला. सोबत दाट जंगलातल्या झाडांचे पराग. म्हणजे जंगल वाळण्याच्या कितीतरी आधीची. तळ मोजला. ताठ चालणाऱ्या माणसासारखा वाकलेला. तीन दिवस मोजत राहिलो, तरी तेवढाच वाकलेला. एका कवटीनं वाद मिटत नाही, हे खरं; पण तू आयुष्यभर जे शोधत होतीस, ते माझ्या तळहातावर होतं. मी 'चिरडलेली, मोजण्यालायक नाही' अशी चिठ्ठी लावली आणि कपाट बंद केलं.

त्याच महिन्यात एक शोधनिबंध छापण्याआधी माझ्याकडे परीक्षणाला आला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, पण तुझी वाक्यं मी ओळखणार नाही? शेरा लिहिला : 'कल्पना आकर्षक, पुरावा शून्य.' निबंध नाकारला गेला. तू फोनवर रडलीस, तेव्हा मीच म्हणालो, "जाऊ दे गं, परीक्षक गाढव असतात." निधी थांबला आणि वर्षभरात तुझी प्रयोगशाळा बंद झाली. तू शाळेत शिकवायला लागलीस, आणि खरं सांगतो, ते कळलं त्या रात्री मला छान झोप लागली.

काल तुझं शेवटचं प्रकरण वाचलं. 'माझ्या मताला पुरावा मिळाला नाही. माझ्या भावाचंच बरोबर असावं,' असं तू छापून मोकळी झालीस. जन्मभर हेच ऐकायचं होतं मला. वाचलं आणि ताट बाजूला सारून कबुली लिहायला बसलो. आज सकाळी संचालकांना सगळं लेखी कळवलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे. तू ये आणि स्वतःच्या हातानं मोज. मी तिथे नसेन. तो आकडा पहिल्यांदा वाचताना तुला जे वाटेल, त्याचा मला आत्तापासूनच हेवा वाटतोय.

तुझाच,
धाकटा