लाइट काढायचं काम

२ मे
वाट लागली! देवेश सरांचा फोन. दिंडोशीच्या टेकडी उद्यानाच्या समितीचे प्रमुख. "निलेश, बागेतलं सगळं लायटिंग उतरव. आठ दिवसांत."
दिवाळीला मीच लावलंय ते! बेचाळीस झाडं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत माळा. तेव्हा हेच सर भाषणात म्हणाले होते, झाडांना आज न्याय मिळाला. आता उद्यान 'अंधारस्नेही' होणार. मागे जंगलाचा डोंगर, पाखरांना रात्र झालेली कळत नाही म्हणे.
पाखरांचं मला आधी कोणी सांगितलंच नाही.

३ मे
मीटिंग. विषय – अंधार. भर दुपारी, बारा ट्यूब पेटवून!
शर्मिष्ठा मॅडम आल्या होत्या, रिटायर्ड प्राध्यापक. आकाश किती काळं आहे ते मोजायचं यंत्र असतं त्यांच्या पर्समध्ये. ही सगळी चळवळ त्यांचीच. एक आजोबा उठले – अंधार केला की जोडपी येतील. मॅडम म्हणाल्या, "ती उजेडातही येतात. फक्त फोटो चांगले येतात." सगळे हसले. सरांनी लिहून घेतलं – जोडप्यांबाबत विचार व्हावा.
शेवटी ठराव. अंधाराचं महत्त्व सांगणारा मोठा फलक लावायचा. रात्री तो दिसायला दोन फोकस. माझ्याकडूनच!

६ मे
लावायला चार दिवस लागले होते, काढायला सहा लागणार. एका आंब्याच्या सालीत वायर रुतून बसलीय. ओढली तर साल निघून आली. ठोकलेले खिळे माझेच.

९ मे
संपलं. सगळा माल चारकोपच्या माझ्या गाळ्यात नेऊन टाकला. मॅडमनी अंधार मोजला. "थोडा फरक आहे." सर म्हणाले, "पास की नापास ते सांगा."
बाबांना बाग दाखवायला नेलं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना संध्याकाळी कुठेतरी बसायला लागतं. बाकावर टेकले आणि म्हणाले, "आता कसा बरा वाटता." मी म्हटलं, बाबा, मुलाचा धंदा बुडाला, तुम्हाला बरं वाटतंय! "धंदो काय, दुसरो मिळतलो."

२८ मे
मॅडमचा फोन – आठ वाजता ये, टॉर्च आणू नकोस. बाबांनाही घेऊन गेलो.
मागच्या कुंपणाजवळ ऐनाचं मोठं झाड आहे. त्यावर काजवे! शेकडो. वायर नाही, मीटर नाही. आणि सगळे एकदम पेटतात, एकदम विझतात! ह्या एका इफेक्टसाठी मी कंट्रोलरवर तीन महिने डोकं फोडलंय.
बाबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "गावाक बघितलेले. मुंबयत आजच." माझा दंड घट्ट धरून उभे होते.
निघताना मॅडम म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं."

२९ मे
कुणाला नाही सांगितलं. फक्त श्रुतिकाला. बायकोला नाही सांगायचं तर कुणाला?
श्रुतिकाने फक्त बहिणीला सांगितलं.

३१ मे
बागेत पाय ठेवायला जागा नाही. लोक मोबाईलचे टॉर्च मारून काजवे शोधतायत! एक बाई वॉचमनला ओरडत होत्या, "किती वाजता सुरू होतात?"
देवेश सर खूश. झकास म्हणाले. 'काजवा महोत्सव' ठरला.

३ जून
ऑर्डर. पाच हजार बारीक एलईडी, हिरवट पिवळे. "लोक पार ठाण्याहून येणार. काजवे आलेच नाहीत तर? बॅकअप नको?"
मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं! एक चहा संपेपर्यंत ठामही राहिलो. मग सर म्हणाले, "ठीक आहे, त्या दुसऱ्या लायटिंगवाल्या सुशांतला देतो." मी म्हटलं, सुशांतला एकदम ब्लिंक करणं जमणार नाही.
तिथेच फसलो.
एक अट मात्र घातली, ऐनाला हात लावायचा नाही. सर म्हणाले, "शब्द दिला."

५ जून
मॅडमना स्वतःच सांगितलं. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. शिव्या देतील वाटलं होतं.
"तू पाहिलं होतंस ना रे?" एवढंच. फोन ठेवला.

७ जून
सर म्हणतात, ऐनावरही लाव, फोटोत मधलंच झाड काळं येतंय.
शब्द दिला होता, मी म्हटलं. "अरे, शब्द पाळतोय की! तू हात लावू नकोस, माणसं लाव."
माणसांकडून लावून घेतले. ह्या वेळी खिळे नाहीत, सुतळी वापरली.

८ जून
महोत्सव. टाळ्याच टाळ्या! सर माईकवर म्हणाले, निसर्गाने आज आपल्याला साथ दिली. माझं नाव कुणी घेतलं नाही. घेऊन चालणारही नव्हतं.

९ जून
बाबा मागेच लागले, म्हणून नेलं. बराच वेळ मान वर करून ऐनाकडे बघत राहिले.
"ह्यातले खरे खंयचे रे?"
"सगळे माझेच, बाबा."