सर्व समाजांस योग्य सल्ला मिळेल

३ मार्च १९८३, नाशिक रोड
आयुष्याची दिशा सापडली. स्टेशनबाहेर वडा घेतला, तो इंग्रजी मासिकाच्या पानात बांधलेला. पानावर कौन्सेलिंगविषयी लेख. निरनिराळ्या समाजांतून आलेल्या माणसांना सल्ला कसा द्यावा. पहिला नियम: आधी पूर्ण ऐकून घ्या. दुसरा नियम चटणीखाली गेला. हरकत नाही.
माझी तयारी आहेच. मॅट्रिकनंतर (म्हणजे मॅट्रिकच्या आसपास) मी मनमाड, भुसावळ, खांडवा आणि झोप लागल्यामुळे इटारसी, एवढं जग पाहिलं आहे.
आक्काला सांगितलं. म्हणाली, ऐकायचंच असेल तर आधी माझं ऐक, रेशनच्या रांगेत उभा राहा. गेलो होतो. वाटेत डोंबाऱ्याचा खेळ लागला. साखर संपली.

५ मार्च
आक्का आणि रंगनाथभाऊजी एकमेकांशी बोलतच नाहीत. मी दिवाळीला राहायला आलो तेव्हापासून बघतोय. काही सांगायचं तर माझ्यामार्फत. भाऊजी प्रेसमधून आले की मला म्हणतात, तुझ्या बहिणीला विचार, अजून किती दिवस? आक्का आतून म्हणते, तुझ्या भाऊजींना सांग, आहे तोवर आहे. कशाबद्दल ते त्या दोघांनाच ठाऊक. इतका समजूतदार संसार मी कुठे पाहिला नाही.

१० मार्च
रावजी टेलरच्या ओट्यावर टेबल टाकलं. पाटी: ‘सर्व समाजांस योग्य सल्ला मिळेल. भाषेची अडचण नाही.’ रावजी म्हणाला, बस, पण बसल्या बसल्या बटणं लाव.
ब्लाउज न्यायला भिमाबाई मास्तरीण आल्या. मुलीला स्थळ आलंय म्हणाल्या. मी लगेच पत्रिका मागितली. त्या म्हणाल्या, अहो, आम्ही बौद्ध. आमच्यात वंदना होते, लग्न लागतं. पत्रिका तुमची तुम्हीच बघा, कामधंद्याचं कुठे दिसतंय का. मुलगा सिगारेट ओढतो का तेवढं सांगा, इथेच चौकात असतो.
ठामपणे सांगितलं, ओढत नाही. कोणता मुलगा ते विचारायचं राहिलं.
सुरुवात चांगली.

१६ मार्च
खरं गिऱ्हाईक! बुधा, हरसूलकडचा आदिवासी. इथे बांधकामावर आहे. बरोबर बायको नवसाबाई.
बुधा म्हणाला, साहेब, पोरीचं लगीन ठरलंय. तर पयलं आमचं लावायचं हाय, मंग तिचं...
थांबवलं. म्हटलं, तुमचं? तुमचं झालेलं नाही?
नाय ना. एकत्र ऱ्हायलो, पोरगी झाली, दोन पोरं झाली, लगीन राहूनच गेलं. आमच्यात चालतं. पन पोरीच्या अंगाला हळद लागायच्या आधी आईबापाची लागाया पायजे.
मी गंभीर झालो. सल्ला दिला: लग्न होईपर्यंत दोघांनी वेगळं राहावं. शोभतं ते.
नवसाबाई बुधाकडे वळून म्हणाल्या, ऐकलंस? शिकलेला मानूस सांगतोय. मी चालले भावाकडं. बडव आता तुझ्या हातानं भाकऱ्या. आणि गेल्याच. एवढ्या तत्परतेने सल्ला मानलेला मी प्रथमच पाहिला.
बुधा म्हणाला, साहेब, मी तर मांडवाला भोंगा कुठं भाड्यानं मिळतो ते इचाराया आलतो.
म्हटलं, आधी पाया, मग भोंगा. हे वाक्य जपून ठेवावं.

२४ मार्च
बुधा पुन्हा आला. दाढी वाढलेली, हाताला भाकरीचे चटके. नवऱ्या मुलाकडच्यांना कळलं की आईबापाची फारकत झाली. म्हणतात, जिथं घरच मोडलं तिथली पोरगी नको. लग्न थांबलंय. पोरगी जेवत नाही.
बुधा म्हणाला, साहेब, तुमचा सल्ला परत घ्या.
सल्ला परत कसा घेतात ते लेखात नव्हतं. बहुधा चटणीखाली असावं. शब्द दिला: उद्या पहिल्या गाडीने हरसूलला जातो, नवसाबाईंना स्वतः आणतो.

२५ मार्च
पहिली गाडी फार लवकर असते.

२७ मार्च
हरसूलला जाऊन आलो. नेमका आठवड्याचा बाजार. एक म्हातारा पावरी वाजवत होता. म्हटलं, समाज समजायचा तर वाद्य समजलं पाहिजे. दुपारपर्यंत फुंकत होतो, शेवटी आवाज आला. एकच, पण आला. म्हातारा म्हणाला, म्हशीसारखा आला, पन आला.
नवसाबाईंच्या भावाचं घर मैलभरच होतं. शेवटची एसटी लागली.

२ एप्रिल
बुधा स्वतःच गेला. गावची जाणती माणसं बसली, नवऱ्या मुलाकडचे आले. ठरलं: आईबाप आणि पोरगी, तिघांना एकाच मांडवात हळद. नवसाबाई यायला तयार. एक अट घातली. त्या साहेबाला मांडवात पाणी भराया लावा.
त्यांच्यात पाणी भरणं हा मोठा मान असावा.

१० एप्रिल
बुधा आमंत्रण द्यायला घरी आला. आक्काने चहा केला. बुधाने विचारलं, साहेब इथंच ऱ्हातात? हो. काम काय करतात? भाऊजींनी चहा बशीत ओतला.
तेव्हा बुधा समजुतीने म्हणाला, आमच्यातबी असतंय. लग्नाआधी पोरीच्या घरी ऱ्हायचं, पन राबायचं. नांगर, लाकडं, समदं. मंग, साहेब कोणत्या पोरीसाठी ऱ्हायलेत?
भाऊजी इतके हसले की चहा सांडला. आक्का पदर तोंडाला लावून आत पळाली. तिथून म्हणाली, अहो, ऐकलंत का? भाऊजी म्हणाले, ऐकलं गं. मग दोघं थेट बोलत बसले.
विषय मीच होतो. ठरलं: लग्नाचं पाणी भरून झालं की माझी रवानगी देवळ्याला, धोंडीराममामाच्या कांद्याच्या खळ्यावर.
म्हणजे अजून किती दिवस, हे माझ्याबद्दल होतं.

२१ एप्रिल, हरसूल
भोंगा आणायचं काम मागून घेतलं होतं. आणला. बॅटरी नाशिक रोडला राहिली. बायकांनी तोंडानेच गाणी म्हटली, सबंध गावाला ऐकू गेली.
मायलेकी शेजारी शेजारी, पिवळ्याधमक. पोरगी पोटभर जेवली. बुधा मांडवात असा लाजत होता जणू नवसाबाईंना आजच पाहतोय. मी हंडे वाहिले. शेवटचा ओतला तेव्हा नवसाबाई म्हणाल्या, बरं झालं आलास. आता याला सांग, वेगळं ऱ्हा म्हनून. बुधाने माझ्या तोंडावर हात ठेवला.

३ मे, देवळा
खळ्यावर आलो. मामा म्हणाला, भाचा, मोठा कांदा इकडे, बारकी गोल्टी तिकडे, एवढंच काम शे. दुपारी लिंबाखाली जरा पडलो. उठलो तेव्हा मजूर घरी गेलेले.
रात्री जेवताना मामा मला म्हणाला, तुझ्या मामीला विचार, किती दिवस? मामी म्हणाली, तुझ्या मामाला सांग, मला काय विचारतात.
या वेळी कोणाबद्दल, ते मी विचारलं नाही. उद्या लवकर उठून कांदे निवडायला बसावं.