शिळ्यात ताजं

आई, रोज सकाळी नळाला पाणी आलं की कालचं सगळं पाणी तू का ओतून द्यायचीस? आमचं पाणी वाचवण्याचं पथनाट्य संपलं की कोणी ना कोणी मला विचारतंच, "पण बायका असं करतात तरी का?" आणि आपल्या घरातली पहिली पदवीधर असूनही मला उत्तर येत नाही. "पाणी एका दिवसात शिळं होत नाही," हे ठरलेलं वाक्य म्हणते आणि पुढे सरकते.

तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. हडपसरची आपली खोली, मोरीशेजारचं निळं पिंप. नळ खुळखुळला की तू पदर खोचतेस, पिंप आडवं करतेस आणि चांगलं नितळ पाणी मोरीतून वाहून जातं. एकदा तू घरात नव्हतीस म्हणून कालच्याच पाण्यावर मी नवं भरून ठेवलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. तुला कळलं आणि तू कपाळाला हात लावलास. "शिळ्यात ताजं घातलंस? नासवलंस की गं सगळं!" जसं काही दूधच होतं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "पोरीनं भरलं तर भरलं. केवढा तो तोरा!" तू म्हणालीस, "शिळं पाणी प्यायला मी काय पुण्यात आले?" दोघी हसलात. मीही हसले.

आमच्या गटाचं पथनाट्य त्याच वाक्यावर उभं राहिलं. कॉलेजात तालमीच्या वेळी मी सहज तुझी नक्कल केली, कमरेवर हात ठेवून, तुझ्याच हेलात, आणि सगळे हसून लोळायचे बाकी राहिले. गटातली माझी मैत्रीण, पेठेतली, स्वतः कधी न हसणारी, माझ्यासमोर येऊन विचारते, "अहो काकू, खडकवासल्याच्या धरणात रोज सकाळी ताजं पाणी भरतात वाटतं?" तिथे टाळ्या पडतात. हिंजवडीत पडल्या, कॉलेजच्या फाटकापाशी पडल्या. गेल्या महिन्यात आपल्याच वस्तीत प्रयोग झाला. लोक हसले, शेजारच्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. नंतर माझा हात धरून म्हणाल्या, "हुबेहूब केलीस बाई. पण तिच्या गावचं पाणी तू पाहिलं नाहीस. टँकर कधीमधी यायचा. साठवलेल्यात अळ्या व्हायच्या, फडक्यानं गाळून प्यायची. मला सांगायची ती. तुला नसंल सांगितलं."

नाहीच सांगितलंस. तेव्हापासून माझं कशात मन लागत नाही. बसमध्ये बसले की उतरावंसं वाटतं, उतरले की चालत सुटावंसं. त्या अळ्यांसाठी ओतायचीस, की सवयीने, की गल्लीतल्या सगळ्याच ओतायच्या म्हणून? पाणी वाया जात होतं हे खरं. धरणात कमी पडलं की आधी आपल्याच वस्तीचा नळ कोरडा होतो, हेही खरं. मी सांगते त्यात चूक काहीच नाही. मग तुला चौकात उभं करून मिळालेला हशा आता मला नकोसा का वाटतो?

रविवारचा प्रयोग एका मोठ्या सोसायटीत होता, जिथे गाड्या पाइपने धुतात. ते लोक तुला हसताहेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मैत्रिणीला म्हटलं, नाटकातल्या काकूंचा भाग बदलू या. "बदल," ती म्हणाली. "पण हशा गेला तर लोकही जातील." मी पदर खोचला नाही. तुझं वाक्य साधं म्हटलं आणि पुढे टँकरचं, अळ्यांचं, फडक्याचं सांगितलं. मग विचारलं, "तिच्याकडे कारण असेल. तुमच्या पाइपाकडे कुठलं आहे?" मागे कुठेतरी खरंच पाइप चालू होता. तो बंद झाला का, ते पाहायचं मला धैर्य झालं नाही. परतताना मैत्रीण म्हणाली, "लोक थांबले. माझं खडकवासला तेवढं वाहून गेलं."

हे तुला पाठवायचं कुठे? तरी एक सांगून टाकते. इतके दिवस गावभर सांगत फिरले, पण घरी रोज सकाळी मीही पिंप ओततच होते. आज पाणी आलं तेव्हा बाबा सवयीने म्हणाले, "ओत ते शिळं." मी त्यातलंच पेलाभर काढलं आणि प्यायले. खरं सांगू? शिळंच लागलं. पेला रिकामा केला, आणि कालच्याच पाण्यावर ताजं भरून घेतलं.