थोरल्यांची नळी

मामंजी,

काल नातीनं मला दवाखान्यात नेलं. रक्त काढून नळीवर नाव चिकटवलं, तर ती नळी हातात घेऊन मी दोनदा वाचली. पोरगी हसली, "आज्जे, रक्त तुजंच हाय, कुटं पळून चाललंय?" तिला काय सांगायचं. सांगायचं होतं तुम्हाला, आणि तुम्ही जाऊनही आता लय वर्षं झाली.

तुमचं आणि धाकट्या मामंजींचं, दोघा भावांचं लिव्हर हाताला कडक लागतंय म्हणून साताऱ्याचे डॉक्टर दोघांचंही रक्त सांगलीला पाठवणार होते. तिकडं नवी तपासणी आली होती. लिव्हरच्या कॅन्सरात रक्तात कसलंसं प्रथिन येतं, ते असलं की काचेवर पांढरी रेघ उमटते म्हणे. "रक्तात रेघ? पाटी हाय का काय?" तुम्ही डॉक्टरलाच विचारलंत. तुमचा ल्योक पलटणीत, म्हणून बरोबर मी आले होते. रक्त देऊन तुम्ही दोघं बाहेर बिडी ओढायला गेलात आणि कंपाउंडर दोन नळ्या घेऊन माझ्यापुढं उभा राहिला.

"बाई, नावं सांगा."

"सासऱ्यांची नावं घेत न्हाई आमी."

"मग काय लिवू? श्रीगणेशा?"

"एक थोरलं, एक धाकलं. लिवा तसंच."

त्यानं खिडकीतून तुम्हा दोघांकडं बघितलं. धाकट्या मामंजींचं डोकं कापसागत पांढरं. तुमचं काळंभोर, पलटण सुटली तरी कलप सुटला नव्हता. कुठली नळी कुणाची ते त्याच्या ध्यानात होतं, मग त्यानं चिठ्ठ्या चिकटवल्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं.

सांगलीहून कागद आला, थोरल्यांची रेघ उमटली, धाकल्यांची नाही. घरानं तुम्हाला अंथरुणावर बसवलं. दूध तुम्हाला, मोसंबी तुम्हाला. धाकटे मामंजी उसाला पाणी पाजत होते, पोट धरून बसायचे, आणि तुम्ही आतून ओरडायचात, "अरं, रेघ माझी हाय, तू का कण्हतुयास?" सगळे हसायचे. मीही हसले. चार महिन्यांत पोट फुगून ते गेले. तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात. तुम्हाला धडधाकट बघून डॉक्टरांनी तुमच्यापुढं हात जोडले, ही तपासणी खोटी निघाली म्हणाले, आणि सांगलीला रक्त पाठवायचं बंदच केलं. मग कुणाकुणाची रेघ बघायची राहिली असेल, मला काय ठाऊक.

मला अजून कळत नाही. तपासणी खोटी होती, का नळी? कदाचित कंपाउंडरनं बरोबरच लावलं असेल. कदाचित तुमचं लिव्हरच तुमच्यासारखं हट्टी असेल. अंथरुणावर बसून कंटाळलात म्हणून तुम्ही मला बाराखडी शिकवलीत. "ल ची शेपूट कुठं गेली, उंदरानं खाल्ली?" म्हणून बोटावर पट्टी मारलीत. तुम्ही आजारी ठरला नसतात तर मला हे पत्र लिहिता आलं नसतं. हे चांगलं झालं म्हणायचं का वाईट, हे कुणाला विचारू?

एक मात्र नक्की. कंपाउंडर पांढऱ्या केसांकडं बघून, हेच थोरलं असल्यागत मान हलवत होता, ते मी बघितलं होतं. थोरलं ते काळ्या केसांचं, एवढं माझ्या ओठावर आलं होतं. पण सासऱ्याच्या कलपाची गोष्ट चारचौघांत कशी काढायची, म्हणून पदर तोंडाला लावून गप्प बसले.

पत्र पाकिटात घातलं. वर तुमचं नाव लिहायला गेले, हात चालला नाही. 'थोरले' लिहिलं. मग तेही खोडलं.